मिनी कूपरच्या किटमधून साधी मिनी: स्केल मॉडेलचे व्हेरिएंट बदलण्याची पद्धत

मोटारगाड्यांची जी प्लॅस्टिकची किट बाजारात मिळतात, त्यांच्या खोक्यात बहुतेक वेळा त्या गाडीचे टॉप मॉडेल असते. शर्यती जिंकलेली, रुंद चाकांची, दुरंगी टपाची गाडी खोक्यावरच्या चित्रात उठून दिसते, आणि किट तिचेच निघते. त्याच गाडीची साधी आवृत्ती, जी हजारो कुटुंबांनी रोजच्या कामासाठी वापरली, ती हवी असेल तर टॉप मॉडेलच्या किटवर काम करून ती आपल्यालाच घडवावी लागते. साताऱ्यात राहून हे काम उत्तम करता येते. त्याला लागणारी साधने फार नाहीत आणि त्यांतील निम्मी गावातल्याच दुकानांत मिळतात. वेळ मात्र बराच लागतो, आणि त्यातील मोठा वाटा सुरी हातात घेण्याच्या आधीच खर्च झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा लेख ज्यांनी सोबतच्या सूचनापत्रकाप्रमाणे किमान एक-दोन किट पूर्ण केली आहेत, पण अजून कोणत्याही भागाला स्वतःच्या विचाराने हात लावलेला नाही, अशांसाठी आहे. उदाहरण म्हणून तामिया कंपनीचे १/२४ प्रमाणातील मॉरिस मिनी कूपर १२७५ एस, मार्क १ (म्हणजे पहिली पिढी) हे किट घेतले आहे आणि त्यातून मॉरिस मिनी-मायनर ही साधी गाडी कशी करावी, हे सांगितले आहे. दुसरे एखादे किट घेतले तरी कामाचा क्रम हाच राहतो.

जोडी निवडताना

नवख्या माणसाने नेहमी वरच्या आवृत्तीकडून खालच्या आवृत्तीकडे जावे, उलट जाऊ नये. वरून खाली येताना बहुतेक काम काढण्याचे, बुजवण्याचे आणि घासण्याचे असते. खालून वर जाताना नसलेले भाग शून्यातून घडवावे लागतात, आणि तेही डाव्या-उजव्या बाजूंना तंतोतंत सारखे. पुट्टीने बुजवलेले भोक चुकले तर पुन्हा बुजवता येते, पण हाताने घडवलेले मडगार्डचे रुंद ओठ एका बाजूला अर्धा मिलिमीटर कमी झाले तर ती चूक गाडी समोरून पाहताक्षणी दिसते.

दुसरी अट अशी की, दोन्ही आवृत्त्यांचा मूळ सांगाडा एकच असला पाहिजे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पाच दारांच्या जिम्नीचे मॉडेल करावे, अशी इच्छा अनेकांना होते, कारण तीन दारांच्या जिम्नीची किट मिळतात. परंतु तीन दारांच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, २,२५० मिलिमीटर आणि पाच दारांच्या गाडीचा २,५९० मिलिमीटर आहे. हा ३४० मिलिमीटरचा फरक १/२४ प्रमाणात १४ मिलिमीटरहून थोडा अधिक होतो, म्हणजे बॉडी आडवी कापून मध्ये तुकडा घालावा लागेल, मागची दारे नव्याने करावी लागतील, काचा बदलाव्या लागतील. त्याला व्हेरिएंट बदलणे म्हणत नाहीत, ती नवी गाडी बांधणे झाले. पहिल्या कामासाठी ते घेऊ नये.

मिनीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच तिची निवड केली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आलेल्या मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तीचे होते. १९६१ साली शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांच्या सहभागातून ९९७ सीसीची मिनी कूपर आली आणि १९६४ साली ७६ अश्वशक्तीची १२७५ सीसी कूपर एस आली. शक्ती दुपटीहून जास्त वाढली, तरी पत्र्याची बॉडी तीच राहिली. तीच सरकत्या काचांची दारे, तेच बाहेर दिसणारे बिजागर, तीच ३,०५४ मिलिमीटर लांबी, जी १/२४ प्रमाणात सुमारे १२७ मिलिमीटर भरते. सगळे फरक बॉडीवर नंतर बसवलेल्या भागांत आहेत. एक काळजी मात्र घ्यावी. ऑक्टोबर १९६७ पासूनच्या मार्क २ गाडीची मागची काच मोठी आहे, पुढच्या जाळीचा आकार वेगळा आहे आणि मागचे दिवेही मोठे आहेत. त्यामुळे मार्क २ च्या किटमधून १९५९ ची गाडी करण्याचा प्रयत्न करू नये.

फरकांची वही

किट उघडण्याआधी एक सराव करावा. पोवई नाक्याच्या परिसरात जिथे गाड्या उभ्या असतात तिथे एखादी स्विफ्ट एलएक्सआय (साधी आवृत्ती) आणि एखादी झेडएक्सआय (वरची आवृत्ती) शोधून दोन्हींभोवती शांतपणे फिरावे आणि जे जे वेगळे दिसेल ते वहीत लिहावे. पोलादी चाके की अलॉय चाके, दाराच्या मुठी काळ्या की गाडीच्या रंगाच्या, आरशात इंडिकेटर आहे की नाही, फॉग लॅम्पच्या जागी दिवा आहे की नुसते झाकण, मागच्या काचेवर वायपर आहे का. पंधरा मिनिटांत वहीचे पान भरते. या सरावातून एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की साधी आवृत्ती म्हणजे काही भाग नसलेली गाडी नव्हे. जिथून एक भाग काढला आहे तिथे कारखान्याने दुसरा काहीतरी भाग बसवलेला असतो, आणि तो दुसरा भाग कोणता हे ठाऊक नसेल तर मॉडेल अर्धवट उतरवलेल्या कूपरसारखे दिसते.

आता हीच वही मिनीसाठी करावी. पानाचे चार रकाने पाडावेत: ठेवायचे, काढायचे, बदलायचे आणि नव्याने करायचे. जुन्या गाड्यांची छायाचित्रे पाहताना नुकतीच दुरुस्त केलेली, चकचकीत गाडी प्रमाण मानू नये, कारण अशा गाड्यांवर मालकांनी आपल्या हौसेने कूपरचे भाग चढवलेले असतात. त्या काळातली छायाचित्रे आणि कंपनीची मूळ माहितीपत्रके अधिक विश्वासार्ह असतात. एकच गोष्ट दोन वेगळ्या छायाचित्रांत दिसल्याशिवाय वहीत पक्की करू नये, हा नियम मी स्वतः पाळतो.

मिनीची वही साधारण अशी भरते. कूपर एसला साडेचार इंच रुंदीची पोलादी चाके पर्याय म्हणून मिळत आणि पुढच्या डिस्क ब्रेकना वारा मिळावा म्हणून त्यांना गोलाकार भोके आहेत, तर साध्या मिनीची चाके साडेतीन इंच रुंद आणि बिनभोकांची आहेत. कूपरच्या समोरच्या जाळीत आडव्या पट्ट्या आहेत, साध्या मॉरिसच्या जाळीत उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकडी आहे. कूपरच्या बंपरला उभे ठोकळे आणि कोपऱ्यांवर वळवलेल्या नळ्या आहेत, साध्या गाडीचा बंपर म्हणजे फक्त एक पट्टी आहे. कूपरच्या डॅशबोर्डवर लंबगोल चौकटीत तीन मीटर आहेत, साध्या गाडीत मधोमध एकच गोल मीटर आहे. कूपरच्या गिअरची दांडी आखूड असून ती दोन सीटांच्या मध्ये एका उंचवट्यातून वर येते. साध्या मिनीत मात्र ती पायांजवळच्या पत्र्यातून निघते आणि लांब काठीसारखी मागे वाकलेली असते. १९६६ पासून कूपर एसला पेट्रोलच्या दोन टाक्या आल्या, म्हणून तिला दोन्ही बाजूंना झाकणे आहेत. साध्या गाडीला फक्त डाव्या बाजूला आहे. कूपरचा टप वेगळ्या रंगाचा असतो, साधी गाडी सहसा एकरंगी. आणि अर्थातच कूपरची नावे साध्या गाडीवर नसतात.

साहित्य

बारीक कानशींचा संच सराफी अवजारांच्या दुकानात घ्यावा. सोनारकामासाठी बनवलेल्या या कानशी हॉबीच्या महागड्या संचांपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नसतात. गाड्यांच्या रंगांच्या दुकानात ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटरपेपर आणि मास्किंग टेप मिळते. धारदार पात्याची सुरी, भाग कापण्याचा निपर, बारीक ड्रिल धरण्याचा पिन व्हाइस, मॉडेलचा पातळ सिमेंट (प्लॅस्टिक किंचित विरघळवून जोडणारा गोंद) आणि राखाडी प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) हे बाहेरून मागवावे लागतात. व्हर्निअर कॅलिपर अवश्य घ्यावा, कारण १/२४ प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर होतात आणि डोळ्याचा अंदाज इतका बारीक चालत नाही.

पातळ पॉलिस्टायरिन पत्रा (किट ज्या प्लॅस्टिकचे असते त्याचाच) मिळाला नाही तर वापरून टाकायच्या डब्यांच्या आणि कपांच्या तळाशी पाहावे. त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर ते पॉलिस्टायरिन आहे आणि मॉडेलचा सिमेंट त्याला धरतो. ५ आकडा असलेले प्लॅस्टिक उपयोगाचे नाही. त्यावर सिमेंट चिकटतच नाही.

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात. ती चौकट फेकू नये. तिचे बारीक तुकडे करून छोट्या काचेच्या बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये भिजत ठेवले की एक-दोन दिवसांत मधासारखा घट्ट द्रव तयार होतो. भोके बुजवायला याच्यासारखे दुसरे साहित्य नाही, कारण वाळल्यावर तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकइतकाच कठीण होतो आणि त्याच्यासारखाच घासला जातो.

कोरडी जुळणी आणि बॉडीवरचे काम

काहीही न चिकटवता बॉडी, तळ, चाके, बंपर आणि जाळी मास्किंग टेपने एकत्र बांधून पाहावीत. चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजावे; खऱ्या मिनीचा व्हीलबेस २,०३६ मिलिमीटर असल्याने ते ८५ मिलिमीटरच्या जवळपास यायला हवे. कोणता भाग कशाला टेकतो आणि कुठे फट राहते हे वहीत लिहावे. पुढे चाके आत सरकवल्यावर ही टिपणे उपयोगी पडतात.

बॉडीवर पहिले काम उजव्या बाजूच्या पेट्रोलच्या झाकणाचे. तिथे भोक असेल तर आतून पॉलिस्टायरिनचा छोटा चौकोन सिमेंटने चिकटवून त्याला पाठ द्यावी आणि बाहेरून स्प्रूचा द्रव थोडा उंच राहील असा भरावा. तो वाळताना आकसतो, म्हणून किमान दोन दिवस हात लावू नये. घाईने घासलेली जागा आठवड्याने खोलगट होते आणि रंगाखालून दिसते. पूर्ण वाळल्यावर आधी कानशीने आणि मग पाण्यात भिजवलेल्या ६०० व १००० नंबरच्या वॉटरपेपरने ती सपाट करावी. वॉटरपेपर बोटाने न धरता लाकडाच्या छोट्या पट्टीवर गुंडाळावा, म्हणजे बोटाच्या दाबाने खळगा पडत नाही. कूपरची अक्षरे बॉडीतच उठावदार असतील तर ती सुरीच्या पात्याने उभी खरवडून काढावीत. आडवे कापायला गेल्यास पाते प्लॅस्टिकमध्ये रुतते.

इथे मिनीपुरती एक सूचना द्यावीशी वाटते, कारण ही चूक मी जवळून पाहिली आहे. मिनीच्या बॉडीचे पत्रे जिथे जोडले आहेत त्या कडा आत वळवलेल्या नाहीत, त्या बाहेर ठेवलेल्या आहेत. पुढच्या मडगार्ड आणि दाराच्या मध्ये, तसेच मागच्या कोपऱ्यांवर, वरून खाली येणारी जी उठावदार रेघ दिसते ती हीच. अनेक नवीन मंडळींना ती साच्याची खूण वाटते आणि ते ती मन लावून घासून टाकतात. त्यानंतर ती पुन्हा करणे फार अवघड जाते. म्हणून घासण्याआधी या रेघांवर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवून ठेवावेत.

चाके

या संपूर्ण कामात चाकांइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. गाडी दूर शेल्फवर ठेवली असताना जाळीच्या पट्ट्या मोजता येत नाहीत, पण चाके भोकांची आहेत की सपाट, आणि ती मडगार्डच्या काठाशी आहेत की आत, हे लगेच जाणवते.

आधी भोके. ०.३ मिलिमीटरच्या पत्र्यातून चाकाच्या आतल्या बाजूला बसेल एवढी चकती कापून मागून चिकटवावी. मधोमध आसासाठी भोक ठेवायला विसरू नये. मग पुढून प्रत्येक भोकात टाचणीच्या टोकाने स्प्रूचा द्रव भरावा. काही जण इथे फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा वापरतात, आणि ते मिश्रण क्षणात घट्ट होते हे खरे. पण ते प्लॅस्टिकपेक्षा बरेच कठीण होते, त्यामुळे घासताना भोवतालचे प्लॅस्टिक जास्त झिजते आणि भोकांच्या जागी छोटे उंचवटे उरतात. चाकाचा पुढचा भाग वक्र असल्याने ते उंचवटे नंतर काढणे कठीण होते. म्हणून चाकांसाठी दोन दिवस थांबण्याचाच मार्ग बरा. वाळल्यावर चाक रंगाच्या ब्रशच्या दांड्यावर घट्ट बसवावे आणि बोटांनी फिरवत फिरवत त्यावर वॉटरपेपरची अरुंद पट्टी धरावी. कुंभार चाकावर माती सारखी करतो तसे हे काम आहे. फिरवून घासल्याने गोलाई टिकते.

मग रुंदी. साडेचार इंच म्हणजे मॉडेलवर सुमारे ४.८ मिलिमीटर आणि साडेतीन इंच म्हणजे सुमारे ३.७ मिलिमीटर. जवळजवळ एक मिलिमीटर कमी करायचा आहे, आणि तो मागच्या बाजूने करायचा आहे. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटरपेपर पसरून, चाकाची मागची बाजू खाली ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरवावी. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी चाक थोडे वळवून धरावे, नाहीतर ज्या बाजूला बोटाचा जोर पडतो ती बाजू जास्त झिजते. व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजावे. चारही चाके एकमेकांशी जुळणे हे अचूक ३.७ येण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, चारही ३.८ झाली तर काही बिघडत नाही, पण तीन ३.७ आणि एक ३.४ झाले तर गाडी एका कुशीवर उभी राहिल्यासारखी दिसते.

मागून घासल्यावर आस बसण्याची नळीही आखूड होते आणि चाक आत सरकते. साध्या मिनीची चाके मडगार्डच्या आतच असल्याने ते हवेच आहे, पण दोन गोष्टी तपासाव्यात. आसाचा दांडा आता भोकापेक्षा लांब होऊन चाकाच्या पुढच्या बाजूला टोचत नाही ना, आणि टायर मडगार्डच्या आतल्या भिंतीला घासत नाही ना. पहिली अडचण दांडा थोडा कापून दूर होते, दुसरी मडगार्डच्या आतून प्लॅस्टिक खरवडून. टायर तसेच ठेवावेत. रिंग अरुंद झाल्याने त्यांची आतली कड थोडी बाहेर राहते, पण ती गाडी उलटी केल्याशिवाय दिसत नाही.

मधली चकचकीत टोपी किटमध्ये ठीक असेल तर तीच वापरावी. नसेल तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी खोडरबरावर ठेवून बॉलपेनच्या मागच्या गोल टोकाने दाबावी. छोटा घुमट उठतो, तो कडेने कापून चाकावर पांढऱ्या गोंदाने चिकटवावा.

बंपर आणि जाळी

किटमधले क्रोमचे भाग प्लॅस्टिकवर चढवलेल्या अतिशय पातळ धातूच्या थराने चमकतात. त्या थरावर सिमेंट धरत नाही आणि कापलेल्या जागी चमक जाते, म्हणून ज्या भागांवर काम करायचे त्यांचे क्रोम आधी उतरवावे. घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की काही तासांत क्रोम निघून जाते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरे कोणतेही ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. भाग स्वच्छ पाण्याने धुऊन मग बंपरवरचे ठोकळे आणि कोपऱ्यांच्या नळ्या निपरने काठापासून किंचित दूर कापाव्यात आणि उरलेला अंश कानशीने घासावा.

जाळी नव्याने करावी लागते, आणि खरे तर या कामातला आनंद तिच्यातच आहे. समोरून घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र कागदावर छापावे. छायाचित्रात जाळीची रुंदी समजा ६० मिलिमीटर आली आणि मॉडेलवर ती ३० मिलिमीटर असेल, तर छायाचित्रातले प्रत्येक अंतर निम्मे करायचे, इतकाच हिशेब आहे. ही चौकडी आलेख कागदावर बारीक पेन्सिलने आखून घ्यावी आणि कागदावर काचेचा तुकडा ठेवावा.

पट्ट्यांसाठी स्प्रूचाच धागा ओढावा. हातभर लांब स्प्रूचा मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरून फिरवत राहावे, ज्योतीत घालू नये. तो चमकू लागला आणि वाकू लागला की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी सावकाश, एका गतीने ओढावा. वेगाने ओढल्यास धागा केसासारखा होतो, हळू ओढल्यास जाड राहतो. ०.४ मिलिमीटरच्या आसपासचा धागा हवा. पहिले दहा-बारा धागे वाया जातील असे धरूनच बसावे. तयार धाग्यांतून व्हर्निअरने सारख्या जाडीचे निवडून आधी आडवे काचेवर ठेवावेत, त्यांची टोके टेपने दाबावीत, मग उभे वर ठेवून प्रत्येक छेदावर बारीक ब्रशने सिमेंटचा थेंबभर स्पर्श द्यावा. सिमेंट जास्त झाला तर धागा वितळून तुटतो. रात्रभर वाळू द्यावे, सकाळी पात्याने काचेवरून अलगद सोडवावे आणि किटच्या जाळीची बाहेरची चौकट ठेवून आतल्या पट्ट्या कापलेल्या जागी ही चौकडी बसवावी. मागे मॅट काळ्या रंगाचा पत्रा लावला की खोली येते.

आतला भाग

डॅशबोर्डची लंबगोल चौकट मुळापासून कापावी. योग्य व्यासाच्या स्प्रूचा पातळ काप किंवा पंचने पाडलेल्या दोन-तीन चकत्या एकावर एक चिकटवून गोल मीटर करावे. मीटरचा चेहरा रंगवण्याची गरज नाही; कूपरच्या तीन मीटरांपैकी मधला स्पीडोमीटरच असतो, म्हणून किटच्या डेकल पत्रकातून (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांच्या कागदातून) मधले वर्तुळ तेवढे कापून इथे लावावे.

गिअरची दांडी टेलिफोनच्या जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारेची करावी. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या मापात १२ मिलिमीटर, आणि दांडीसाठी तेवढी जाडी शोभते. मधला उंचवटा कापून जमीन सपाट करावी, पुढच्या तिरप्या पत्र्यात ०.५ मिलिमीटरचे भोक पाडावे, तार बसवून छायाचित्राप्रमाणे मागे वाकवावी. टोकाला फेव्हिकॉलचा एक थेंब लावून गाडी उलटी टांगावी. थेंब गोल राहूनच वाळतो आणि काळा रंग दिल्यावर दांडीची मूठ होते.

रंग आणि साताऱ्याची हवा

एकरंगी गाडी ही या रूपांतराची सोय आहे, कारण टपाचा वेगळा रंग मास्क करण्याचा त्रास वाचतो. १९५९ च्या मॉरिस मिनी-मायनरचे रंग क्लिपर ब्लू, चेरी रेड आणि ओल्ड इंग्लिश व्हाइट हे होते. माझी पसंती तिसऱ्या रंगाला आहे. तो शुभ्र नाही, सायीकडे झुकणारा आहे. पांढऱ्यात पिवळसर तपकिरी रंगाचे एक-दोन थेंब घालून तो साधता येतो. मिसळलेला रंग वाळल्यावरच पारखावा, ओला असताना नाही.

प्रायमर आधी दिलाच पाहिजे, कारण बुजवलेल्या जागांमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि खळगे फक्त त्या राखाडी थराखालीच दिसतात. ते पुन्हा भरावेत, १००० नंबरने घासावेत आणि प्रायमरचा दुसरा पातळ थर द्यावा. माझ्या पहिल्या रूपांतराच्या वेळी घाईने, प्रायमर न देता, गाड्यांसाठीच्या एनसी थिनरमध्ये पातळ केलेला रंग मी थेट प्लॅस्टिकवर मारला आणि टपावर पाच मिनिटांत बारीक भेगांचे जाळे उठले. एनसी थिनर पॉलिस्टायरिन विरघळवतो. तीन आठवड्यांचे काम गेले. तेव्हापासून कोणताही नवा रंग मी आधी स्प्रूवर मारून एक दिवस ठेवतो, आणि प्रत्येकाने असेच करावे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्यात स्प्रेने रंग मारू नये. रंगातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. चकचकीत रंगावर ती फार वाईट दिसते. पावसाळ्यात जाळी, चाके आणि डॅशबोर्ड करावेत, आणि बॉडीचा रंग पाऊस उघडल्यावर, दुपारच्या कोरड्या वेळी द्यावा. थंडीत सकाळी यवतेश्वरच्या बाजूने धुके उतरलेले असते तेव्हाही थांबावे. अगदी पातळ असे चार थर, प्रत्येक थरामध्ये पंधरा-वीस मिनिटे, आणि शेवटच्या थरानंतर गाडी धूळ बसू नये म्हणून झाकून आठवडाभर ठेवावी. कंदी पेढ्यांचे मोठे खोके उलटे घातले की १२७ मिलिमीटरची मिनी त्यात आरामात मावते. फवारताना तोंडाला मास्क असावा आणि खोली हवेशीर असावी.

शेवटची जुळणी

आता क्रम सूचनापत्रकाप्रमाणेच: काचा, आतला भाग, तळ, चाके, मग जाळी, बंपर आणि दिवे. मागच्या सीटशेजारची बाजूची काच साध्या गाडीत न उघडणारी असते, म्हणून किटमधली तिची चकचकीत कडी लावू नये. कूपर आणि १२७५ ही अक्षरे असलेली डेकल पत्रकावरच राहू द्यावीत. कापून काढलेले ठोकळे, नळ्या, आडव्या पट्ट्या आणि लंबगोल चौकट नावे लिहून एका डबीत ठेवावीत. पुढे कोणी साध्या मिनीची कूपर करायला निघाला तर त्याला हेच भाग लागतील.

नंबरप्लेट सर्वांत शेवटी लावावी. इथे एमएच ११ लिहिण्याचा मोह साताऱ्यातल्या प्रत्येकाला होतो, आणि कल्पनेतली गाडी करायची असेल तर तो जरूर पुरा करावा. पण १९५९ ची मॉरिस म्हणून ती उभी करायची असेल तर त्या काळी ब्रिटनमध्ये असत तशी काळी पाटी आणि त्यावर पांढरी अक्षरेच असली पाहिजेत. पुढे पांढऱ्या आणि मागे पिवळ्या चकाकणाऱ्या पाट्या तिथे साठच्या दशकाच्या अखेरीस दिसू लागल्या. काळ्या पत्र्याची पट्टी मोजून कापावी, पांढरी अक्षरे बारीक ब्रशने लिहावीत आणि ती पांढऱ्या गोंदाने, म्हणजे नंतर सोडवता येईल अशी, बसवावी.